वाघदेवाची धार आणि फुंकायचं मशीन

आमच्या भागात दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेला माणूस पहिला फोन बायकोला करत नाही, मला करतो. बायको फोन उचलते, हा त्यातला धोका. मी पण उचलतो, पण मी शिव्या देत नाही, तारीख देतो.

वकील रिटायर होत नाही, त्याचा आवाज रिटायर होतो. माझा अजून शाबूत आहे. तळोद्याच्या कोर्टात मी उलटतपासणीला उभा राहिलो की बाजारात भाजी विकणाऱ्या बाया गिऱ्हाइकाला म्हणतात, थांब, आप्पा वकिलाचं होऊ दे, मग भाव सांगते. यात जराशी अतिशयोक्ती असेल. पण जराशीच.

या धंद्यातली गोम बाहेरच्यांना माहीत नसते, ती आधी सांगून टाकतो. लोकांना वाटतं, तोंडाला वास आला की गुन्हा झाला. तसं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम एकशे पंच्याऐंशी वासावर चालत नाही, आकड्यावर चालतं. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली पाहिजे, आणि ती मशीनमध्ये फुंकून किंवा रक्त तपासून सिद्ध झाली पाहिजे. ‘डोळे लाल, बोलणं अडखळत, चाल डगमगती’ एवढ्यावर शिक्षा द्यायची म्हटली तर चैत्रातल्या लग्नातून परतणारा अर्धा जिल्हा आत जाईल, आणि त्यात न पिणारेच जास्त निघतील. तेव्हा आमचं काम काय, तर आकड्याच्या मागे लागायचं. मशीन कधी तपासलं होतं, फुंकायला कोणी लावलं, किती वेळानं लावलं, पंच खरोखर तिथं होता की त्याची फक्त सही होती.

अशिलांच्या तऱ्हा काय सांगू. एकानं नाका दिसताच चालत्या गाडीत मागच्या सीटवर उडी मारली. हवालदारानं विचारलं, चालवणारा कुठे? हा म्हणतो, मीही त्यालाच शोधतोय. दुसरा गाडी नको म्हणून शहाणपणानं बैलगाडीतून घरी निघाला, आणि तरी पकडला गेला. मी कोर्टाला विचारलं, या वाहनाला मोटार कुठे आहे? आणि चालवत होता तो बैल, तो तर शुद्धीवर होता. बैलाला साक्षीला बोलवायचीही माझी तयारी होती. त्याआधीच केस निकाली निघाली, हे त्या बैलाचं दुर्दैव. हजार लोकांपुढे रुबाब करायची संधी गेली त्याची.

पण सगळ्याच जिंकलेल्या केशी गोड लागत नाहीत. रनाळं माझं गाव. गावचाच एक ट्रॅक्टरवाला मी असाच सोडवला. मशीन तपासल्याचा दाखला सरकार पक्षाकडे नव्हता, तेवढ्या फटीतून त्याला बाहेर ओढला. मला वाटलं, आता घरून पेढे येतील. दुसऱ्या दिवशी त्याची बायको ऑफिसच्या दारात उभी. आत ये म्हटलं तर येईना. तिथूनच म्हणाली, “आप्पा, तुमीन त्याले काब्र सोडाडं? लायसन जातं तं मन्हा जीवले सा महिना तरी आराम भेटता.”

का सोडवलं, एवढं विचारून ती गेली. तेव्हापासून मी अशिलाला पहिला प्रश्न विचारतो, “प्याला होता का? मला खरं सांग, कोर्टाला काय सांगायचं ते मी बघतो.” शंभरातले नव्याण्णव सांगतात, “थोडीशी, आप्पा.” ही थोडीशी कोणाची किती असते, ते मशीनलाच ठाऊक.

तो शंभरावा माणूस म्हणजे सलीम.

सलीम तळोद्याच्या स्टँडवरून सातपुड्यातल्या गावांना जीप चालवतो. त्याचे वडील गफूरचाचा मशिदीत बांग देतात. पहाटे त्यांचा आवाज येत नसेल तर तळोद्याचे कोंबडे गोंधळून एकमेकांकडे बघतात. या घरात दारूचं नाव काढायचं तरी माणूस उंबऱ्याबाहेर जाऊन काढेल. अशा घरातला सलीम होळीच्या दिवसांत घाटाखालच्या नाक्यावर पकडला गेला, मशीननं आकडा दाखवला, आणि कागद झाला: मद्यप्राशन करून वाहन चालवणे.

माझ्यासमोर बसला तेव्हा त्याचा चेहरा उन्हात विसरलेल्या पापडासारखा झाला होता.

“प्याला होतास?”

“नहीं आप्पा. एक घूंट भी हलक के नीचे नहीं गया.”

“मग मशीन काय स्वप्नात बघत होतं?”

मग त्यानं सांगितलं. त्यानं नवी जीप घेतली होती. नवी म्हणजे त्याला नवी. घाटाच्या पायथ्याशी वाघदेवाचा शेंदूर लावलेला दगड आहे, आणि तिथला रिवाज असा की नवी गाडी पहिल्यांदा डोंगरात गेली की उतरताना दगडापाशी थांबते. पुजारा मोहाच्या दारूची धार आधी देवाला पाडतो, मग चाकांवर, आणि शेवटी द्रोणातली थोडी चालवणाऱ्याच्या तोंडाला लावतो. ही धार पडल्याशिवाय त्या गाडीत डोंगरातलं माणूस बसत नाही. बसलंच तर घाट संपेपर्यंत डोळे मिटून बसतं. सलीमनं जुन्या जीपच्या वेळी चाकांवर भागवलं होतं. या वेळी पुजारा होता वेस्ताबाबा. वय विचारलं तर म्हणतो, त्या सागाएवढं. बाबानं द्रोण सलीमच्या तोंडाशी नेला, सलीमनं नको म्हणायला तोंड उघडलं, आणि बाबाचा हात वयाच्या मानानं फार चपळ.

“मग?”

“थूक दिया. वहीं के वहीं. सोचा, नीचे हातपंप पे कुल्ली करूंगा.”

हातपंपाच्या अलीकडे नाका लागतो.

मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, लेका, ही तर सोन्यासारखी केस आहे. तोंडात नुसती दारू फिरली तरी मशीन आकडा दाखवतं, कारण ते तोंडातली हवा मोजतं. म्हणून तर मशीनसोबत येणाऱ्या कागदातच लिहिलेलं असतं, की फुंकायला लावण्याआधी थोडं थांबा, चूळ भरू द्या. तुझ्या गाडीत मोहाच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाया होत्या, त्या साक्ष देतील. वेस्ताबाबा देईल.

सलीमनं हात जोडले. “आप्पा, दारू मेरे मुंह में गई, ये बात अब्बा के सामने नहीं निकलनी चाहिए. थूकी, निगली, वो अब्बा नहीं पूछेंगे. मुंह में गई, बस.”

गफूरचाचांनी त्या दिवसापासून त्याच्यासोबत जेवणं बंद केलं होतं. बोलणं पण. नव्या जीपमध्ये पाय ठेवला नव्हता. आणि कोर्टाच्या प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर, टोपी नीट करून, काठी गुडघ्यांत धरून येऊन बसत. कशाला, ते कोणालाच सांगत नसत.

आता बघा माझी पंचाईत. गुन्हा कबूल करून दंड भरला तर सुटका झटपट, पण लायसन लटकतं, स्टँडवरचा नंबर दुसरा घेतो, आणि बापाला पोराच्या तोंडूनच कबुली मिळते. खरं सांगितलं तर लायसन वाचतं, बाप जातो. पोराला दुसरा धंदा येत नव्हता आणि दुसरा बाप मिळत नव्हता. मी त्याला म्हटलं, “तू गप्प बस. द्रोणाचं नाव न काढता सोडवतो.” हे मी ज्या आत्मविश्वासानं म्हटलं, त्या आत्मविश्वासानं माणसं पुरात गाडी घालतात.

नाक्यावरचा हवालदार साक्षीला आला. माणूस वाईट नव्हता. होळीची गर्दी, मागे गाड्यांची रांग, त्यात मशीन नवीन.

“गाडी थांबवल्यावर किती वेळानं फुंकायला लावलं?”

“लगेच.”

“चूळ भरू दिली?”

“नाही.”

“थांबून दुसऱ्यांदा फुंकायला लावलं?”

“साहेब, मागे रांग होती.”

मग मी खिशातून होमिओपॅथीच्या थेंबांची बाटली काढली. त्या थेंबांत अल्कोहोल असतं, आणि माझ्या घशासाठी मी ती बाळगतो. एवढा आवाज राखायचा म्हणजे खर्च आहे. मी न्यायाधीश मॅडमना विनंती केली, की हेच मशीन मला कोर्टात फुंकू द्यावं. मॅडम तरुण, शिस्तीच्या, हसणं घरी ठेवून येणाऱ्या. त्यांनी विचार केला आणि परवानगी दिली. मी थेंब जिभेवर सोडले आणि फुंकलं. आकडा असा आला की तो खरा असता तर मला स्ट्रेचरवरच युक्तिवाद करावा लागला असता. कोर्टात खसखस पिकली. मग आम्ही सगळे नुसते बसून राहिलो. कोर्टात नुसतं बसून राहणं किती अवघड, ते तेव्हा कळलं. शिपायानं दोनदा खिडकी उघडली आणि लावली. थोड्या वेळानं मी पुन्हा फुंकलं. शून्य.

मी छाती काढून उभा राहिलो. सरकारी वकील फायलीत तोंड घालून बसले. आता निकाल हातात आला, असं मला वाटलं, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “वकीलसाहेब, तुम्ही थेंब घेतले होते. आरोपीनं काय घेतलं होतं?”

मी सलीमकडे पाहिलं. त्यानं मागच्या बाकाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला सुचू शकत होतं हो. खोकल्याचं औषध म्हणता आलं असतं. पण खोटं बोलायचं तर मी गप्पांत बोलतो, कोर्टात नाही. तेवढं एक पथ्य पाळलंय. बैलाची गोष्ट सोडून द्या, तो सुटलाच.

उत्तर नसलं की वकिलाकडे एकच औषध असतं, तारीख. मी बचावाच्या साक्षीदारासाठी तारीख मागितली. साक्षीदार कोण, ते मॅडमनी विचारलं नाही, हे माझं नशीब. मलाही माहीत नव्हतं.

ती तारीख आली. मी त्या सकाळी इतका हताश होतो, की घरी बायकोच्या बोलण्याला सलग तीन वेळा हो म्हणालो. तिनं माझा ताप बघितला. कोर्टाच्या आवारात सलीम लिंबाखाली एकटाच उभा होता. मी त्याला शेवटचं विचारलं, “सांगायचं का?”

“जाने दो लायसन,” तो म्हणाला. “खेत में जाऊंगा किसी के.”

मागचा बाक त्या दिवशी रिकामा होता. सलीमनं तीन वेळा मागं वळून पाहिलं. आमचं प्रकरण पुकारलं, मी उभा राहिलो, घसा साफ केला, आणि दारातून काठीचा आवाज आला.

गफूरचाचा. आणि त्यांच्या मागे, एका हातानं चाचांचा सदरा धरून, दुसऱ्या हातानं धोतर सावरत, वेस्ताबाबा.

चाचा माझ्यापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “वकीलसाब, गवाह लाया हूं.”

सलीमचा रंग उडाला. माझाही उडाला असता, पण माझा मुळातच पक्का आहे. मी कुजबुजलो, “चाचा, हे काय सांगतील, माहितीये का तुम्हाला?”

“डोंगर पे जाके पूछ के आया. गाडी में औरतें थीं, मोहा की टोकरियां लेके. एक से पूछा, तो चार ने बताया.” मग म्हणाले, “मेरा बेटा मुझे नहीं बताता, तो मैं औरतों से पूछूंगा नहीं क्या?”

वेस्ताबाबा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. त्याला मराठी थोडं कळतं, बोलायला तो भिलीच बोलतो. कोर्टातला एक भिल शिपाई दुभाष्या म्हणून उभा केला. शपथ घे म्हटल्यावर बाबानं विचारलं, कोणत्या देवाची? मॅडम म्हणाल्या, तुमच्या. बाबा म्हणाला, मग खरंच बोलावं लागेल.

त्यानं सगळं सांगितलं. देवाला धार, चाकांवर धार, द्रोण.

“आरोपीनं दारू घेतली का?” मी विचारलं.

शिपाई बाबाचं बोलणं मराठीत सांगू लागला. “हा म्हणतो, मी लावली. त्यानं घेतली नाही. तो थुंकला. देवाची धार थुंकला म्हणून मला फार राग आला. दुसऱ्या दिवशी ऐकलं, पोलिसांनी धरलं. मला वाटलं, थुंकला म्हणूनच धरलं. मला बरं वाटलं.”

कोर्टात कोणीतरी खोकल्यासारखं केलं. मला वाटतं, सरकारी वकील.

मॅडम पुढे झुकल्या. “थुंकला म्हणता. थोडीशी पोटात गेली नाही कशावरून?”

शिपायानं विचारलं. बाबानं पिंजऱ्यातून धोतराचा सोगा उचलून धरला आणि मोठ्यानं काही म्हणाला. शिपाई भाषांतर करेना. मॅडमनी दटावल्यावर म्हणाला, “हा म्हणतो, सगळी माझ्या धोतरावर आली. मी हातानं पुसली. जेवढी लावली तेवढी परत आली. मोहाची धार वाया गेली, तर ती किती गेली, हे मी विसरेन काय?”

सरकारी वकिलांनी उलटतपासणी घेतली नाही. धोतराची उलटतपासणी कशी घेणार?

निकाल त्याच दिवशी झाला. निर्दोष. तोंडात उरलेली दारू आणि न थांबता घेतलेला आकडा, यांचा फायदा आरोपीला. मी इतक्या केशी जिंकल्या, पण निकाल ऐकून मीच आधी खाली बसलो असं त्या दिवशीच झालं.

बाहेर लिंबाखाली आम्ही चौघं उभे. सलीम जमिनीकडे बघत होता. गफूरचाचांनी वेस्ताबाबाला विचारलं, “धोती का दाग गया क्या, बाबा?”

“ग्या,” बाबा म्हणाला.

मग चाचा सलीमकडे वळले. होळीपासून पहिल्यांदा. “गाडी निकाल. बाबा को छोड के आते हैं.”

आणि स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसले. सलीमनं चावी लावायला जो वेळ घेतला, तेवढ्यात मी एक अपील लिहून काढलं असतं. तो रडत नव्हता, असं त्याचं म्हणणं आहे. मी ते मान्य केलंय.

मलाही त्यांनी सोडलं नाही. मागे मी आणि वेस्ताबाबा. हातपंपापाशी चाचांनी गाडी थांबवायला लावली, उतरले, आपली पाण्याची बाटली भरून घेतली. मी समजलो, नमाजाची तयारी. वाघदेवाचा दगड आला तसा सलीमनं वेग कमी केला. थांबायचं की नाही, त्याला कळेना.

“रोक,” चाचा म्हणाले.

ते उतरले. चारही चाकांपाशी काठी टेकत गेले आणि प्रत्येक चाकावर बाटलीतलं थोडं थोडं पाणी सोडलं. मग वेस्ताबाबाकडे पाहिलं, म्हणजे आता तुम्ही सांगा, चाललं का. बाबानं ओलं चाक बघितलं, दगड बघितला, आकाश बघितलं. त्याला बराच वेळ लागला. वाघदेवाचं मत घ्यायचं असेल. शेवटी म्हणाला ते चक्क मराठीत, सगळ्यांना कळेल असं.

“धार पडली. झालं.”

उरलेलं पाणी चाचांनी सलीमच्या ओंजळीत ओतलं. “कुल्ली कर,” म्हणाले. “उस दिन की बाकी है.”

सलीमनं चूळ भरली. बाबा धोतर आवरून दोन पावलं मागे सरकला.

वर गावात बाबाच्या अंगणात आम्ही बसलो. चाचांना आणि सलीमला दूध आलं. माझ्यासमोर द्रोण आला. आता पुजाऱ्याचा मान, त्यात त्याच्याच साक्षीनं केस जिंकलेली. आणि देवाची धार थुंकली की काय होतं, ते मी नुकतंच कोर्टात ऐकलं होतं. मी थुंकलो नाही. दुसरीही थुंकलो नाही. पुढच्यांचा हिशेब वेस्ताबाबाकडे असेल.

उतरताना ऊन कललं होतं. नाक्यावर तोच हवालदार. आम्हाला बघून त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. या वेळी त्यानं सगळं नियमानं केलं. सलीमला उतरवलं, चूळ भरू दिली, बाकावर बसवलं, थांबला, मग मशीन पुढे केलं. शून्य. पुन्हा फुंकायला लावलं. शून्य. त्यानं मशीन चाचांना दाखवलं. चाचांनी चष्मा काढून, पुसून, परत लावून ते शून्य वाचलं, आणि हवालदाराला म्हणाले, “शाबास.”

मग हवालदार मागच्या खिडकीशी आला. तिथं मी होतो. त्यानं नाक वर करून हवा हुंगली, आणि मशीन माझ्याकडे सरकवत गोड आवाजात म्हणाला, “आप्पा, तुमीबी फुका ना जराशे. तुमना घसाना थेंब पाही लेऊत.”

मी सरळ बसलो. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. “दादा, मी गाडी चालाडी ऱ्हायनू का? मी तं बशेल शे. कलम चालवणाराले लागस, बसणाराले नहीं. वाची पाह्य.”

गफूरचाचांनी तोंड खिडकीबाहेर फिरवलं. त्यांचे खांदे हलायला लागले, मग काठी हलायला लागली, आणि मग जीपच हलायला लागली. इंजिन बंद होतं, हात ब्रेक ओढलेला होता, आणि नुसत्या त्या हसण्यानं गाडी हातपंपापर्यंत पुढे गेली, हे मी आजही शपथेवर सांगेन. अर्थात त्या वेळच्या माझ्या साक्षीला किती वजन द्यायचं, ते तुम्ही ठरवा.